खोटा माग : कुणकेश्वरची आख्यायिका आणि मुलांची प्रमाणदृष्टी

१. विषयप्रवेश

रहस्यकथा वाचणाऱ्या मुलाला एक गोष्ट फार लवकर उमगते. पहिल्याच प्रकरणात ज्याच्यावर सर्वांचा संशय जातो, तो मनुष्य बहुधा गुन्हेगार नसतो. खिडकीखालच्या चिखलातील पावले, अर्धवट जळालेली चिठ्ठी, भलत्याच वेळी बंद पडलेले घड्याळ ह्या खुणा लेखकाने हेतुपुरस्सर पेरलेल्या असतात, आणि त्यांपैकी काही तर वाचकास आडवाटेस नेण्यासाठीच पेरलेल्या असतात. अशा खुणेस प्रस्तुत लेखात ‘खोटा माग’ म्हटले आहे. चार-सहा कथा वाचून झाल्यावर दहा-अकरा वर्षांचे मूलदेखील अशा मागावर आंधळेपणाने धावत नाही. ते थांबते, मागची पाने उलटते आणि ‘हे असे कशावरून?’ असा प्रश्न करते.

हेच मूल इतिहासाच्या तासाला बसले म्हणजे मात्र त्याची ही सावध बुद्धी कोठे जाते कोणास ठाऊक! गावच्या देवळाची, किल्ल्याची, समाधीची जी कथा सांगितली जाईल ती ते मान डोलावून स्वीकारते, किंवा थोडे मोठे झाल्यावर ‘ह्या सर्व भाकडकथा’ म्हणून एका वाक्यात निकालात काढते. ह्या दोन्ही वृत्ती इतिहासाच्या अभ्यासास सारख्याच घातक आहेत. रहस्यकथेने मुलाच्या ठिकाणी आयती निर्माण केलेली परीक्षकबुद्धी स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाकडे कशी वळविता येईल, ह्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातील कुणकेश्वर ह्या सागरतीरावरील क्षेत्राची आख्यायिका उदाहरणादाखल घेतली आहे.

लेखाचे प्रतिपाद्य आरंभीच सांगून टाकणे बरे. खोटा माग म्हणजे केवळ असत्य नव्हे. तो ज्या गोष्टीकडे बोट दाखवितो त्या गोष्टीच्या बाबतीत तो खोटा असतो. परंतु तो ज्याने निर्माण केला, जपला किंवा पसरविला, त्याच्याविषयी तो बहुधा खरी साक्ष देतो. ही दुहेरी दृष्टी मुलांना देता आली तर दंतकथा फेकून देण्याचे कारण उरत नाही आणि तिच्यावर भाबडा विश्वास ठेवण्याचेही कारण उरत नाही.

२. माग, हूल आणि चकवा

मराठी भाषेत ह्या विषयाची शब्दसंपत्ती तोकडी नाही. चोराच्या पावलांचा तो माग. गुप्त गोष्टीची चाहूल लागली म्हणजे सुगावा. अनेक खुणा एकमेकींस जोडल्या म्हणजे धागादोरा. शत्रूला भलत्या दिशेस वळविण्यासाठी केलेली हालचाल ती हूल. आणि कोकणातील मुलांच्या ओळखीचा शब्द म्हणजे चकवा. रात्रीच्या वेळी रानवाटेने जाणारा मनुष्य पुनःपुन्हा फिरून त्याच जागी येतो तेव्हा त्याला चकवा लागला असे म्हणतात. ह्या समजुतीत एक मार्मिक निरीक्षण आहे. चकव्यात सापडलेल्या माणसाला दिसणारे झाड खरे असते, बांध खरा असतो, पायवाटही खरी असते. चुकते ती त्याने मनात धरलेली दिशा. खोट्या मागाचे स्वरूप ह्याहून वेगळे नाही. खूण खोटी नसते, खुणेवरून काढलेले अनुमान खोटे असते.

इंग्रजीत अशा दिशाभूल करणाऱ्या खुणेस ‘रेड हेरिंग’ म्हणतात. हेरिंग हा थंड समुद्रातील मासा. तो खारवून धुरी दिली की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास येतो. सुक्या बांगड्याचा वास ज्यांच्या ओळखीचा आहे त्या आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना ह्याची कल्पना सहज येईल. शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून फोडण्यासाठी असा मासा जमिनीवरून ओढीत नेत, त्यावरून हा वाक्प्रचार पडला, असे पुष्कळ दिवस सांगितले जात असे. परंतु २००८ च्या सुमारास शब्दाभ्यासकांनी ह्या व्युत्पत्तीचा शोध घेतला तेव्हा निराळीच हकीकत पुढे आली. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या शिकारविषयक लेखनात वास ओढण्याची जी युक्ती सांगितली आहे ती घोड्यांना कुत्र्यांमागून धावण्याची सवय व्हावी म्हणून; कुत्र्यांना चकविण्यासाठी नव्हे. कुत्र्यांना फसविण्याची गोष्ट विल्यम कॉबेट ह्या पत्रकाराने १८०७ साली आपल्या साप्ताहिकात आपल्या बालपणाची आठवण म्हणून सांगितली. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या वार्तेमागे लागून वृत्तपत्रांनी देशातील महत्त्वाचे प्रश्न बाजूस टाकले, हे त्याला त्या दृष्टान्ताने दाखवावयाचे होते.

म्हणजे खोट्या मागाचे नाव ज्या कथेवरून पडले असे समजत, ती कथाच शिकारीच्या इतिहासापुरती खोटा माग ठरली! परंतु तीच कथा १८०७ सालच्या इंग्लंडातील वृत्तपत्रांविषयी आणि कॉबेटच्या रोषाविषयी खरी साक्ष देते. वर सांगितलेल्या सिद्धान्ताचे हे पहिले उदाहरण होय.

३. मुलांच्या ओळखीचे खोटे माग

महाराष्ट्रातील मुलाला खोट्या मागाची ओळख रहस्यकथेच्या आधी इतिहासाच्याच पुस्तकातून होते, ही गोष्ट शिक्षकांच्या ध्यानात क्वचितच येते. इयत्ता चौथीच्या वर्गात कित्येक दशके शिवचरित्र शिकविले गेले आहे. त्यातील मुलांना सर्वांत प्रिय असलेले प्रसंग पाहावे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याहून महाराज निसटले तेव्हा शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शायिस्तेखानावर छापा घातल्यानंतर कात्रजच्या घाटाकडे बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ती जनावरे सोडली व पाठलाग करणारे सैन्य तिकडे धावले, असे परंपरा सांगते. आणि १७ ऑगस्ट १६६६ रोजी आग्र्याहून सुटका झाली तेव्हा हिरोजी फर्जंद शेला पांघरून बिछान्यात पडून राहिला. बाहेर दिसत होता तो केवळ त्याचा अंगठी घातलेला हात.

ह्या शेवटच्या प्रसंगाची रचना कसलेल्या रहस्यकथाकाराला शोभेल अशी आहे. पहारेकऱ्यांनी जे पाहिले ते सर्व खरे होते. बिछाना खरा, हात खरा, अंगठीही खरी. त्यांनी कोणतीही खोटी वस्तू पाहिली नाही. फक्त हातावरून मनुष्य ओळखण्याची चूक केली. पुढे दक्षिणेचा रस्ता न धरता महाराज मथुरेकडे वळले, ही दुसरी हूल. बाल संभाजीराजांना मथुरेस ठेवून ते वारल्याची वार्ता पसरविली, अशी जी हकीकत सांगतात ती तिसरी.

आता मुलांना असा प्रश्न विचारावा : फुलादखानाच्या जागी तुम्ही असता आणि हिरोजीही निघून गेल्यावर रिकामा बिछाना तुमच्यापुढे असता, तर त्या बिछान्यावरून तुम्हांस काय कळले असते? विचारी मुले उत्तर देतील की, महाराज कोठे आहेत हे त्यावरून कळत नाही. परंतु बेत फार आधीपासून शिजत होता, आतील माणसे एकदिलाची होती आणि पाठलागास उशीर व्हावा हाच हेतू होता, हे कळते. खोटा माग असा उलटा वाचता येतो.

येथे आणखी एक गोष्ट शिकविण्याजोगी आहे. महाराज पेटाऱ्यात बसून बाहेर पडले की पेटारे वाहणाऱ्यांच्या वेषात, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पाठ्यपुस्तकातील चित्रात पेटारा असतो म्हणून प्रश्न मिटत नाही. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्या वेळी बखरींतील काळाच्या व स्थळांच्या घोटाळ्यांवर त्यांनी प्रस्तावनेत कठोर टीका केली आणि समकालीन पत्रांस अग्रमान दिला. बखरकार नेहमी खोटे बोलतो असा ह्याचा अर्थ नव्हे. बखर प्रसंगानंतर किती वर्षांनी, कोणासाठी व कोणाच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हे आधी विचारावे एवढाच त्याचा अर्थ. राजवाड्यांची ही शिस्त आणि चतुर वाचकाची सावधगिरी ह्या एकाच कुळातील आहेत.

४. रहस्यकथेची शिकवण

मराठीत ह्या प्रकारच्या वाचनाची आवड लावण्याचे मोठे श्रेय बाबूराव अर्नाळकरांना (१९०६–१९९६) द्यावे लागते. त्यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ ही त्यांची पात्रे मोठ्या माणसांसाठी योजलेली असली, तरी शाळकरी मुलांनी ती पुस्तके अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली, हे त्या पिढीतील वाचकांस विदित आहेच. पुढे भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजेच ‘फास्टर फेणे’ला जन्म दिला आणि मुलांसाठी मुलगाच शोधकर्ता झाला. शिष्ट समीक्षेने ह्या वाङ्मयाकडे बराच काळ दुर्लक्ष केले. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता, वाचलेल्या मजकुराविषयी सतत शंका घेत पुढे जाण्याची सवय अन्य कोणत्या वाङ्मयप्रकाराने मुलांना इतक्या आनंदाने लावली आहे?

ह्या सवयीची परिपक्व अवस्था पाहावयाची तर कॉनन डॉइल ह्यांची १८८७ साली प्रसिद्ध झालेली शेरलॉक होम्सची पहिली कथा घ्यावी. प्रेताशेजारच्या भिंतीवर रक्ताने एक शब्द लिहिलेला सापडतो. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘सूड’. पोलिसांना त्यात एका स्त्रीचे अर्धवट राहिलेले नाव दिसते, तर वृत्तपत्रांना परदेशी राजकीय गुप्तमंडळ्यांचा हात. होम्स अक्षरांचे वळण पाहतो आणि म्हणतो की, हे खऱ्या जर्मन माणसाने लिहिलेले नाही, जर्मन वळणाची नक्कल करणाऱ्याने लिहिलेले आहे. येथे दुसरा एखादा शोधक ‘ही खूण खोटी’ म्हणून ती पुसून टाकता. होम्स ती पुसत नाही. तिच्या खोटेपणावरूनच लिहिणाऱ्याचा हेतू त्याला कळतो.

मुलांच्या कथांतही हा धडा आहे. एनिड ब्लायटन ह्यांच्या १९४४ सालच्या हरवलेल्या मांजराच्या कथेत बालशोधक गावच्या शिपायाची फजिती करण्यासाठी छपरीत नाना वस्तू टाकून ठेवतात. त्या वस्तूंचा चोरीशी काहीएक संबंध नसतो. मुलांच्या खोडकरपणाचा मात्र त्या पक्का पुरावा असतात.

ह्यावरून वर्गात उपयोगी पडतील असे तीन प्रश्न हाती येतात. प्रत्यक्ष दिसते ते काय? त्यावरून कोणी काय सांगितले? आणि ते सांगणाऱ्यास कसे कळले? हे तीन प्रश्न घेऊन आता कुणकेश्वरकडे वळावे.

५. कुणकेश्वरची आख्यायिका

देवगडच्या दक्षिणेस, समुद्राच्या अगदी काठी कुणकेश्वराचे शिवमंदिर उभे आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते आणि ‘दक्षिणेची काशी’ म्हणून ह्या क्षेत्राची ख्याती आहे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरील खडकांत शिवलिंगे दिसतात. काशीस एकशे आठ लिंगे तर येथे एकशे सात, असे भाविक सांगतात व ह्या एका लिंगाच्या उणिवेचा संबंध पांडवांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाशी जोडतात. गावाच्या नावाची उपपत्ती ‘कणक’ ह्या बांबूच्या जातीवरून लावतात. कणकीच्या बेटात एक गाय आपण होऊन दगडावर पान्हा सोडी, त्यावरून देव प्रकट झाला, अशी कथा आहे. मंदिरापासून थोड्या अंतरावर १९२० च्या सुमारास एक गुहा उजेडात आली. तीत लिंग, नंदी आणि दगडात कोरलेले मानवी मुखवटे आहेत.

ह्या सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका मंदिराच्या उभारणीची आहे. एक अरब व्यापारी (काहींच्या मते इराणी) गलबत घेऊन जात असता वादळात सापडला. अंधारात त्याला किनाऱ्यावरील दिवा दिसला. ‘वाचलो तर तुझे देऊळ बांधीन’ असा नवस त्याने त्या अज्ञात देवाला केला. तो वाचला आणि त्याने मंदिर बांधले. परंतु मूर्तिपूजकांचे देवालय बांधल्यामुळे आता स्वधर्मीय आपणांस जवळ करणार नाहीत असे वाटून त्याने शिखरावरून उडी टाकून प्राण दिला. मंदिराजवळची एक घुमटी त्याचे थडगे म्हणून दाखवितात.

प्रथम प्रत्यक्ष दिसते ते काय, ते पाहू. दिसते ती घुमटी. घुमटीचा आकार पाहताच ‘थडगे’ हे अनुमान सुचते. पण घुमटीवरून केवळ इतकेच सिद्ध होते की, तिच्याखालची जागा कोणास तरी जतन करण्याजोगी वाटली. ह्याच जिल्ह्यात मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या हाताचा व पायाचा म्हणून जे ठसे पूज्य मानले जातात तेही लहान घुमट्यांखालीच आहेत. तेथे घुमटी ठशाचे रक्षण करते, येथे ती थडग्याचे रक्षण करते असे सांगतात. आकार एक, आशय भिन्न. तेव्हा केवळ आकारावरून काढलेला निष्कर्ष हा हिरोजीच्या हातावरून काढलेल्या निष्कर्षासारखाच ठरेल.

आता कथेचे घटक सुटे करून पाहावे. वादळ, नवस व देवालय ही साखळी दूरदूरच्या किनाऱ्यांवर आढळते. तमिळनाडूतील वेळांकण्णीच्या मेरीमातेच्या देवालयाविषयी वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांची अशीच कथा सांगतात. शिखरावरून उडी हा घटक ओरिसाच्या किनाऱ्यावरील कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या आख्यायिकेत आहे. तेथे बारा वर्षांचा धर्मपद मंदिराचा कळस बसवितो आणि समुद्रात उडी घेतो. गायीने पान्हा सोडण्याची कथा तर स्वयंभू लिंगांच्या असंख्य स्थानी ऐकू येते. जो घटक अनेक ठिकाणी सारखाच सांगितला जातो तो एका विशिष्ट स्थळी प्रत्यक्ष घडला असे मानण्यास स्वतंत्र प्रमाण हवे. त्याचप्रमाणे रहस्यकथेच्या वाचकास सहज सुचणारा एक प्रश्न येथे उभा राहतो : व्यापारी उडी टाकून मेला, तर त्याच्या मनातील विचार सांगणाऱ्यास कसा कळला? आणि मंदिराचे जीर्णोद्धार वेळोवेळी झालेले असताना ते शिखर नेमके कोणते?

इतक्यावरून ‘ही कथा खोटी’ असा निकाल देऊन मोकळे होणारा विद्यार्थी घाई करील. तिचा एक घटक असा आहे की ज्याला साधार समांतर दाखले आहेत. परधर्मीय सागरी व्यापारी आणि हिंदू देवालय ह्यांचा संबंध पश्चिम किनाऱ्यावर अशक्य नव्हता. अल् मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ च्या, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास चौल येथे आला तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीस असल्याचे त्याने नमूद केले आहे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेल्या ताम्रपटांपैकी एकावर शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ हा काळ आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या वतीने संजानच्या प्रदेशावर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी शासन करीत होता, आणि त्याच्या अनुमतीने देवीच्या मठिकेस भूमिदान झाले, असे त्यात लिहिले आहे. ‘मधुमती’ हे ‘महंमद’ ह्या नावाचे संस्कृत रूप असावे, असे अभ्यासक मानतात. उलट दिशेचाही दाखला आहे. सौराष्ट्रात वेरावळ येथील इ. स. १२६४ च्या लेखानुसार होरमुझचा नाखवा नुरुद्दिन फिरोज ह्याने सोमनाथपट्टणात मशीद बांधली, तिच्या व्यवस्थेस तेथील हिंदू प्रतिष्ठितांचे साहाय्य लाभले, आणि संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वलभी व सिंह अशा चार कालगणना शेजारीशेजारी नोंदविल्या गेल्या.

ह्या दाखल्यांनी काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे मुलांना नेमके सांगितले पाहिजे. कुणकेश्वरचे मंदिर अरबाने बांधले हे ह्यांवरून सिद्ध होत नाही. चिंचणी कुणकेश्वरच्या फार उत्तरेस आहे आणि तेथील पुरावा तेथल्यापुरता. सिद्ध होते ते एवढेच की, अशी घटना ह्या किनाऱ्याच्या इतिहासात बसू शकते. शक्य असणे आणि घडलेले असणे ह्यांमधील अंतर ओळखणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा होय.

६. खोट्या मागाची खरी साक्ष

आख्यायिका बाराव्या-तेराव्या शतकातील घटनांविषयी विश्वसनीय साक्षीदार नाही, असे धरून चालू. तरीही ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे, ही गोष्ट स्वतःच ऐतिहासिक सत्य आहे. मग होम्सच्या रीतीने विचारावे : ही कथा ज्यांनी जपली ते लोक कसे होते?

ते समुद्रावर जगणारे लोक होते. वादळात सापडलेल्या गलबतावरील माणसाची अवस्था त्यांना परकी नव्हती. किनाऱ्यावरच्या दिव्याचे मोल ते जाणत होते. आपल्या देवाची कृपा केवळ आपल्यापुरती आहे असे त्यांना वाटत नव्हते. जो हाक मारील त्याला तो तारील, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, आपल्या क्षेत्राच्या थोरवीच्या कथेत त्यांनी एका परक्या, परधर्मीय मनुष्यास मानाचे स्थान दिले. कथाकारास मंदिराचे श्रेय एखाद्या राजास किंवा ऋषीस देणे कठीण नव्हते. पांडवांची कथा हाताशी होतीच. तरीही गावाने अरब विसरला नाही. त्याच्या मृत्यूचे दुःखही विसरले नाही. उडीचा प्रसंग घडला की नाही हे सांगता येणार नाही. पण दोन समाजांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाची कुचंबणा ह्या किनाऱ्याने ओळखली होती, ह्याची ती उडी साक्ष आहे.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. आपल्या काळात देवालये, थडगी व दर्गे ह्यांच्या कथा वादांसाठी हत्यारासारख्या वापरल्या गेलेल्या आपण पाहिल्या आहेत. एकीच घुमटी एकास मंदिरावरील दुसऱ्याच्या हक्काचा पुरावा वाटू शकते, तर दुसऱ्यास ती अतिक्रमणाची खूण वाटू शकते. दोघेही दिसणारी वस्तू सोडून मनातील दिशेने चालू लागतात; चकवा म्हणतात तो हाच. कुणकेश्वरच्या कथेत तर असे काहीच सांगितलेले नाही. तीत हक्क नाही, आक्रमण नाही. आहे ती कृतज्ञता आणि शोक. ज्या मुलाला खूण आणि अनुमान वेगवेगळे ठेवण्याची सवय लागली आहे, ते मोठेपणी अशा वादात सहजासहजी ओढले जाणार नाही. खोट्या मागाचे शिक्षण इतक्या मोठ्या गोष्टीशी जोडलेले आहे, म्हणूनच ते खेळकर असले तरी उपेक्षणीय नाही.

७. वर्गातील योजना

ह्या विवेचनाच्या आधारे प्राथमिक व माध्यमिक शाळांतील शिक्षकांसाठी काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली अशी की, इतिहासाच्या तासाचा आरंभ रहस्यकथेने करावा. पण शेवटचे पान वाचून दाखवू नये. मुलांनी आपला संशयित ठरवावा, कोणत्या खुणेवरून ठरविला ते लिहावे, आणि मगच उलगडा वाचावा. चुकलेल्या मुलास हसू नये. त्याने पाहिलेली खूण बरोबर होती, जोडणी चुकली, हे त्याला दाखवून द्यावे.

दुसरी सूचना अशी की, मुलांना खोटा माग रचावयास सांगावा. जो स्वतः हूल देतो त्याला हुलीची घडण कळते. चांगला खोटा माग रचण्यासाठी खऱ्या वस्तूच वापराव्या लागतात, आणि वाचकाचे पूर्वग्रह ओळखावे लागतात, हे ध्यानात आले म्हणजे आपलेही पूर्वग्रह कोणीतरी असेच ओळखून असेल, ही जाणीव मुलांत आपोआप येते.

तिसरी सूचना गावातील स्थळांविषयी. देऊळ, विहीर, वीरगळ, गढी ह्यांपैकी जे जवळ असेल तेथे मुलांना न्यावे. वहीच्या पानाचे तीन भाग पाडून एकात दिसले ते, दुसऱ्यात कोणी सांगितले ते आणि तिसऱ्यात आपणांस वाटते ते लिहावयास लावावे. दुसऱ्या भागात सांगणाऱ्याचे वय, व्यवसाय आणि त्याने ती गोष्ट कोणाकडून ऐकली हेही नोंदवावे. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारताना उलटतपासणीचा सूर येता कामा नये. आजीने सांगितलेली गोष्ट खोटी पाडणे हा ह्या उद्योगाचा हेतू नाही. ती तिने का जपली हे समजणे हा आहे.

चौथी सूचना सावधगिरीची आहे. खोट्या मागाची गोडी लागलेले मूल प्रत्येक खुणेस खोटी म्हणू लागते, सर्वत्र कारस्थान पाहू लागते. हाही चकवाच. रहस्यकथेतही सर्व खुणा खोट्या असत्या तर उलगडा कधीच झाला नसता. संशय हे शोधाचे साधन आहे, ते त्याचे साध्य नव्हे. चिंचणीच्या ताम्रपटावर आपण विश्वास ठेवतो, कारण त्यावर काळ आहे, नावे आहेत, दानाचा प्रसंग आहे आणि अन्य राष्ट्रकूट लेखांशी तो जुळतो. विश्वास कशावर ठेवावा हे कळले, तरच अविश्वासाला काही किंमत येते.

चकवा लागलेल्या माणसाने तसेच चालत राहू नये, उजाडेपर्यंत जागच्या जागी बसावे, असे जुनी माणसे म्हणत. इतिहासाच्या विद्यार्थ्यासही ह्याहून निराळा उपदेश करता येत नाही. कुणकेश्वरच्या घुमटीखाली कोण आहे, हे आजच्या पुराव्यावरून सांगता येत नसेल तर ते सांगू नये. उद्या एखादा लेख, एखादी नोंद हाती येईल तेव्हा पाहू. दरम्यान, वादळातल्या एका परक्या माणसाला आपल्या देवाच्या दिव्याने वाट दाखविली, असे ज्या गावाला शतकानुशतके वाटत आले, त्या गावाविषयी आपणांस पुष्कळ काही कळले आहे. आणि ते मुलांना निःशंकपणे शिकविता येईल.